कसाऱ्याची डुक्कर फियाट आणि शेठ वालचंद

आमच्या कसाऱ्यात ब्लास्टिंग हा शब्द काढला की माणसं आधी घाटाकडे बघतात. सुरुंग लावायचा, सगळ्यांनी लांब पळायचं, मग धडाम् आणि धुरळा. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जेवताना काकांनी गाडीला ब्लास्टिंग करून आणतो असं सांगितलं, तेव्हा आजीच्या हातातला घास हातातच राहिला. गाडी उडवायची नाही, वाऱ्याच्या जोराने बारीक कण मारून नुसता रंग काढायचा आहे, हे समजवायला मला पूर्ण ताट संपेपर्यंत बोलावं लागलं. इंजिनिअरिंगला घातल्याचा तेवढा उपयोग घरच्यांना झाला.

गाडी म्हणजे १९५७ सालची फियाट ११००. गोल पाठीची, फुगलेल्या नाकाची, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. आपल्याकडे तिला डुक्कर फियाट म्हणतात, आणि ते प्रेमानेच म्हणतात. हायवेला लागून काकांचं गॅरेज आहे, त्याच्या मागे ती कित्येक पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. कसाऱ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. ब्लेडने एक कोपरा खरवडला तर वरून खाली आकाशी, मग मरून, मग काळा (मधे काही वर्षं ती टॅक्सी होती, म्हणून टपावर पिवळा), आणि सगळ्यात तळाला कंपनीचा मूळ साय-रंग. चार रंग, त्यांच्यामधे लांबीचे थर आणि मग पत्रा.

आधी एक दार नमुन्याला म्हणून एका ठिकाणी दिलं. तिथे साधी वाळू आणि दांडगा कॉम्प्रेसर. काही मिनिटांत दार पांढरंफेक झालं, काका खूश. घरी आणून उजेडात धरलं तर दाराचा झाला होता पापड. मधे अंगठ्याने दाबलं की टक् करून आत, सोडलं की टक् करून बाहेर.

मी समजत होतो की घर्षणाने पत्रा तापला असणार. सुट्टीनंतर वर्कशॉपच्या सरांना विचारलं तेव्हा कळलं की उष्णतेचा वाटा किरकोळच असतो. प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा हातोडा. तो पत्र्याच्या वरच्या थराला ठोकून पसरवतो, खालचा थर होता तसाच राहतो. वरचा लांबला, खालचा नाही, म्हणजे पत्रा वाकणारच. कमानपाट्यांचं आयुष्य वाढवायला आपण जे शॉट पीनिंग शिकतो ते हेच. पीनिंगचा जोर मोजायची अल्मेन पट्टी वाकते तीही याच कारणाने. जाड पाटीला जे वरदान, ते मिलिमीटरभरही जाड नसलेल्या दाराला शाप. व्हायवाला मी हे उत्तर दोनदा दिलेलं होतं, पण दार हातात धरेपर्यंत डोक्यात गेलं नव्हतं.

मग ब्लास्टिंग करायचं तर कशाने, असा प्रश्न आला. त्यावर सर म्हणाले की आधी ही गाडी कोणाची आहे ते बघून ये. बॉनेटखाली कंपनीची पट्टी आहे, तिच्यावर प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुंबई. ही कंपनी कोणी काढली, हे आमच्या खोलीतल्या चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. गंमत म्हणजे चौघांनीही प्रवेशाच्या फॉर्मवर त्या माणसाचं नाव लिहिलेलं होतं. सांगलीचं कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जातं. सोलापुरातलं वालचंद वेगळं. आपल्याला या नावाचे कट-ऑफ पाठ असतात, माणूस माहीत नसतो.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणं मूळचं गुजरातेतलं, दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी. वडील हिराचंद नेमचंद. आई लहानपणीच गेली. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं खरं, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडणं हे त्यांना जमलं असतं, पण रुचलं नाही. त्या वेळच्या व्यापारी घरातल्या मुलाने ठेकेदारी करणं म्हणजे बैठक सोडून उन्हात उभं राहणं. वालचंदशेठनी तेच केलं.

त्यांना जोडीदार मिळाले लक्ष्मणराव फाटक, रेल्वेतली कारकुनी सोडून ठेके घेणारे. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं काम त्यांनी घेतलं आणि तिथून फाटक-वालचंद ही जोडी पुढे सरकली. पहिल्या महायुद्धात लष्कराची बांधकामं मिळाली. १९२० च्या सुमारास टाटांच्या बांधकाम कंपनीशी हातमिळवणी झाली आणि मग खरी मोठी कामं आली. बोरघाटात जीआयपी रेल्वेचे नवे बोगदे हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं.

इथे एक खुलासा. आमच्याकडची काही मंडळी कसारा घाटही वालचंदांनीच फोडला असं छातीठोक सांगतात. ते बरोबर नाही. थळ घाटातली रेल्वे १८६५ सालीच सुरू झाली, तेव्हा वालचंदांचा जन्मही झाला नव्हता. कसाऱ्याला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात ती त्या ३७ ला १ चढासाठी, आणि तो चढ साहेबाच्या काळातला. पण शहापूर तालुक्याशी शेठजींचा संबंध आहेच, तो पाण्याचा. तानसा तलावापासून मुंबईला जाणाऱ्या जलवाहिनीचं काम त्यांच्या कंपनीने केलं होतं. धरण १८९२ चं, त्यांच्या आधीचं. पण लोकलने येताजाता जे अवाढव्य नळ आपण बघतो, त्या नळांच्या कहाणीत हा सोलापूरचा माणूस आहे. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. पुढे २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीने बांधला, पण ती फार नंतरची गोष्ट.

ठेकेदारीत पैसा आला होता. दुसरा कोणी असता तर थांबला असता. १९१९ साली वालचंदशेठनी एक जुनं जहाज घेतलं, तेही ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून. मूळचं एम्प्रेस ऑफ इंडिया, १८९० च्या आसपासचं, कॅनडाच्या कंपनीचं प्रवासी जहाज. युद्धात ते जखमी सैनिकांसाठी इस्पितळ झालं, नाव पडलं लॉयल्टी. म्हणजे वय जवळपास तीस आणि मधेच धंदा बदललेला. आमच्या फियाटसारखंच. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे भागीदार आणि कंपनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघालं. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस असतो तो यामुळे.

पण धंद्याच्या दृष्टीने लॉयल्टी तोट्याचंच ठरलं आणि चार वर्षांत ते भंगारात गेलं. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. भाडी पाडून नव्या कंपनीला बुडवणं त्यांना सहज जमायचं. १९२३ मध्ये सिंधियाने त्यांच्याशी दहा वर्षांचा करार केला आणि स्वतःला किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरतं बांधून घेतलं. त्यावर देशात टीका झाली. माझ्या मते टीका करणं सोपं होतं. कंपनी जिवंत राहिली तरच पुढे लढता येतं, आणि सिंधिया जिवंत राहिली. तिच्याच विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी जलउषा हे जहाज पाण्यात सोडलं. पहिल्या जहाजापासून इथवर एकोणतीस वर्षं गेली.

मधल्या काळात साखर. रावळगाव आणि वालचंदनगर. रावळगाव आमच्याच मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे गेलं की मालेगावच्या बाजूला लागतं. तिथली चॉकलेटं आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. तो ब्रँड २०२४ मध्ये विकला गेला. साखरेबद्दल एवढं पुरे.

मोटारीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आमच्या दाराचा पत्रा तिथून आला. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या हिंदुस्थानात मोटार कारखाना हवा म्हणून आराखडे करत होते. वालचंदशेठनी तो विषय उचलला. तोवर गाड्यांचे सुटे भाग खोक्यांतून येत आणि परदेशी कंपन्या ते इथे जोडून विकत. अमेरिकेत जाऊन फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. शेवटी १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं, पण दिल्लीच्या इंग्रज सरकारने युद्धकाळात साथ दिली नाही.

याच खटपटीत १९३९ साली ते अमेरिकेतून विमानाने निघाले असताना प्रवासात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. तो चीनमध्ये विमानं बनवायचा. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला! डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झालीसुद्धा. म्हैसूर संस्थानाने जागा आणि २५ लाख रुपये दिले. मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारला युद्धामुळे विमानांची गरज होती. गरज वाढली तशी १९४२ मध्ये सरकारने शेठजींचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. गोदीचंही तसंच झालं. १९५२ मध्ये तिचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. वालचंदशेठ सुरू करायचे आणि पुढे मालक बदलायचा, असं त्यांच्या आयुष्यात इतक्यांदा झालं की दुसरा एखादा कडवट झाला असता.

मोटार मात्र राहिली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे तिथून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. मग ध्यानात आलं की या लांबलचक अमेरिकन गाड्या आपल्या खिशाला आणि पेट्रोलला झेपणाऱ्या नाहीत. म्हणून इटलीच्या फियाटशी संबंध जुळवला. आधी छोटी ५००, आणि १९५४ पासून ११००. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. याच घराण्यातून पुढे प्रेसिडेंट आणि पद्मिनी आली. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

वालचंदशेठना ११०० बघायला मिळाली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे गाड्या खरोखर बनवायच्या आहेत त्यांनीच राहावं, नुसती जोडणी नको, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. ज्या गोष्टीसाठी माणूस पंधरा वर्षं दारोदार फिरला, ती तो गेल्यावर सरकारी धोरण झाली. चार वर्षांनी आमची गाडी कुर्ल्याहून बाहेर पडली.

हे सगळं वाचून मी पुन्हा सरांकडे गेलो तेव्हा प्रश्न तोच होता, पण मी तो वेगळ्या रीतीने विचारला. आधी विचारत होतो की रंग लवकर कशाने निघेल. आता विचारलं की पत्रा कशाने वाचेल. कारण त्या गोल पाठीचं पॅनल आता कोणी दाबून देणार नाही. त्या डाय कधीच गेल्या.

वाळू तर बादच. आणि फक्त पत्र्यासाठी नाही. ज्या ठिकाणी दार दिलं होतं तिथला पोरगा तोंडाला रुमाल बांधून काम करत होता, माझ्याच वयाचा असेल. वाळूचा कण पत्र्यावर आपटून फुटतो तेव्हा सिलिकाची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालाने अडत नाही. फुप्फुसात गेली की तिथेच राहते. सिलिकोसिसला औषध नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ब्लास्टिंगमध्ये सिलिकावाली वाळू बंद केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात हा रोग नोंदवायच्या रोगांत होता. हे तंत्र १८७० साली पेटंट केलं ते बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने. नंतर वाळूऐवजी लोखंडाच्या कडक गोळ्या वापरण्याकडे तोही वळला होता. म्हणजे ज्याने काढलं तोही वाळूवर अडून बसला नाही, आपण मात्र हायवेवर अजून तिथेच. त्यात आमच्या टपावरचा टॅक्सीचा पिवळा. जुन्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. ती धूळ वेगळीच.

पोलादी शॉट किंवा ग्रिट हे पूल, कास्टिंग, जाड चॅनेल यांचं काम. काचेचे मणी अॅल्युमिनियमच्या भागांना, कार्ब्युरेटरच्या बॉडीला छान. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा मऊ असतो, पण आमच्या चार थरांपुढे तो संध्याकाळपर्यंत पुरला नसता. प्लास्टिकचे कण उत्तम. अमेरिकन हवाई दलाने १९८० च्या दशकात विमानांचा रंग काढायला तीच पद्धत बसवली, कारण विमानाचा पत्राही पातळ. पण ते कण इकडे सहज मिळत नाहीत आणि मिळाले तर काकांचा चेहरा उतरतो.

उरला सोडा. हो, खायचाच, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, फक्त कण जरा जाड. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं नूतनीकरण झालं तेव्हा तांब्याच्या आतल्या बाजूचा डांबराचा लेप यानेच काढला होता. कण पत्र्यापेक्षा कितीतरी मऊ, आपटला की स्वतःच फुटतो, त्यामुळे पत्रा ताणला जात नाही. काच आणि क्रोमलाही सहसा इजा नाही. आजीला हे फार पटलं. पण दोन खोड्या आहेत. एक, तो गंज काढत नाही. दोन, त्याची अल्कली पत्र्यावर राहिली तर नवा रंग धरत नाही, म्हणून पाण्याने नीट धुवावं लागतं, आणि धुतलं की उघडा पत्रा तासाभरात तांबूस व्हायला लागतो. कसाऱ्याच्या हवेत तर विचारूच नका.

म्हणून एकच पद्धत सगळ्या गाडीला नाही, असं ठरलं. बाहेरची मोठी पॅनलं (टप, बॉनेट, दारं, डिकी) सोड्याने, कमी दाबावर, नोझल तिरकं धरून. जिथे गंज आहे, म्हणजे फ्लोअर, दाराखालचे उंबरे आणि चाकांच्या कमानी, तिथे बारीक गार्नेट. तोही चाळीस-पन्नास पीएसआयच्या वर नाही आणि एका जागी थांबायचं नाही. गार्नेट आपल्याच देशात तामिळनाडू-ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळतो आणि त्यात मोकळा सिलिका अगदी कमी. सस्पेन्शनचे जाड भाग गार्नेटनेच, जरा जोरात. आणि नोझल धरणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट. यावर काका आधी कुरकुरले. भाडं ऐकून तर फारच. पण मी सुट्टीत नोझल धरायला स्वतः उभा राहणार आहे म्हटल्यावर आजीने तो विषय तिथेच मिटवला.

पापड झालेलं दार एका म्हाताऱ्या डेंटरने लाकडी हातोडी आणि डॉलीवर महिनाभर ठोकून बरंचसं सरळ केलं आहे. पूर्ण नाही. हात फिरवला की अजून एक लाट लागते.

आता अडलंय ते हवेवर. पाव इंची नोझलला शंभर पीएसआयवर ऐंशीच्या आसपास सीएफएम लागतात, दाब कमी केला की गरजही बरीच उतरते, पण गॅरेजातला पंक्चरचा कॉम्प्रेसर वीससुद्धा धड देत नाही. घाटाखाली बोअरवेल मारणाऱ्या गाडीवरचा कॉम्प्रेसर मिळतोय, पण त्याच्या हवेत तेल येतं. ते गाळायला सेपरेटर हवा. तो आमच्या वर्कशॉपमधून मिळावा म्हणून अर्ज केला आहे, सरांची सही झाली आहे, पुढची व्हायची आहे. उन्हाळा चढला की बोअरवाला गावोगाव फिरतो, तेव्हा मार्चमध्येच गाठायला हवा. पावसाच्या आत प्रायमर बसला पाहिजे.